डाव्या बाजूचे टायर

अकराला यायचा फोन साडेबारा वाजले तरी आला नव्हता. डेस्ली प्राउजने गॅरेजमधलं काम कधीच हातावेगळं केलं होतं, तरी ती उगाच पाने-पक्कडी पुसत बसली होती. कान मात्र आतल्या फोनकडे.

टिंडारा म्हणजे पेट्रोलचे दोन पंप, एक खाणावळ, डेस्लीचं गॅरेज आणि रस्त्यापलीकडे क्लिनिक. इथून उत्तरेला कॅलो वेल्सची वस्ती एकशे ऐंशी किलोमीटर, आणि मधला सगळा रस्ता कच्चा, तांबडा, टोकदार गोट्यांचा. त्या रस्त्याने गेलेला माणूस पोहोचल्यावर फोन करतो. आणि करायचा राहिला तर मागे राहिलेल्याने त्याला शोधायला निघायचं असतं. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण टिंडारात हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सकाळी साडेसातला नर्स इमेल्डा क्लिनिकची गाडी घेऊन निघाली होती. सोबत आंटी मॅव्हिस, सगळ्या भागाचीच आंटी. डोळ्याचं ऑपरेशन करून आंटी शहरातून परवा परतली होती आणि कधी एकदा कॅलो वेल्सला घरी जाते असं तिला झालं होतं. वय चौऱ्याहत्तर, उजव्या डोळ्यावर पट्टी. बाहेर पारा पंचेचाळीसवर.

डेस्लीने पुन्हा कॅलो वेल्सच्या दुकानात फोन लावला.

"नाही आली गं अजून," पलीकडून दुकानदारीण म्हणाली. "आंटीची नातवंडं सकाळपासून फाटकावर बसलीयेत."

"आणि गाडीतला सॅटेलाइट फोन?"

"वाजतच नाही. बंद आहे म्हणतो."

डेस्लीने फोन ठेवला. पोलिसांना तिने दहा मिनिटांपूर्वीच कळवलं होतं. सगळ्यांत जवळची पोलीस चौकी अडीचशे किलोमीटर लांब. तिथला माणूस म्हणाला होता, "निघतो मी, पण माझ्या आधी तुम्हीच पोहोचाल." ते खरंच होतं.

खाणावळीत टपालवाला नेव्हिल जेवायला बसला होता. आठवड्यातून दोनदा टपालाचा ट्रक घेऊन कॅलो वेल्सला जाणारा हा माणूस, बोलायला कमी आणि खायला भरपूर. डेस्ली दारात उभी राहिली, तेव्हा तिचा चेहरा बघूनच त्याने काटा खाली ठेवला.

"इमेल्डा?"

"पोहोचली नाही. माझ्या गाडीने जाऊ. तू चल."

"पाणी घेतलंस?"

"घेते. तू चाकं चढव."

गॅरेजच्या मागच्या भिंतीला चाकं लावून ठेवलेली होती. पुढे ओळीने सहा नवी कोरी, ब्रॅमटन कंपनीची, क्लिनिकच्या गाड्यांसाठी आलेली. त्यांच्या मागे ओकारा कंपनीची दोन जुनी, अर्धी झिजलेली. नेव्हिलने पुढच्या चाकाला हात घातला.

"ती नको," डेस्ली म्हणाली. "मागची घे."

नेव्हिल थांबला. "नवी सोडून जुनी?"

"घे म्हटलं ना."

त्याने दोन जुनी चाकं उचलून गाडीच्या हौद्यात टाकली. पण डेस्लीचे स्वतःचेच कान तापले होते. मनाने जे कबूल केलं नव्हतं ते तिच्या तोंडाने परस्पर सांगून टाकलं होतं.

गोष्ट वर्षभरापूर्वीची. आरोग्य खात्याच्या ऑफिसातून तिला पत्र आलं होतं. त्या भागातल्या सहा क्लिनिकच्या चौदा गाड्यांना कुठले टायर घ्यावेत, ब्रॅमटन की ओकारा? डेस्लीने पस्तीस वर्षं याच रस्त्यावरचे टायर काढले-घातले आहेत, तेव्हा तिनेच वापरून बघावेत आणि सांगावं. डेस्लीला पत्र वाचून फार बरं वाटलं होतं. तिने ते खाणावळीतल्या सगळ्यांना दाखवलं होतं.

परीक्षा तिने नेव्हिलच्या ट्रकवर घ्यायची ठरवली. एका बाजूला एक कंपनी, दुसऱ्या बाजूला दुसरी. एकच ट्रक, एकच चालवणारा, एकच रस्ता. ओकारा डावीकडे, ब्रॅमटन उजवीकडे. पण इथल्या रस्त्यावर डावी बाजू आणि उजवी बाजू सारखी नसते. गाडी डावीकडून चालते. रस्ता सपाट करणारं यंत्र सैल गोटे कडेला लोटून ठेवतं, आणि समोरून काही आलं की डावी चाकं त्या गोट्यांवर जातात. उजवी चाकं रस्त्याच्या मधल्या दाबलेल्या मातीवर आरामात पळतात. जाताना तेच, येताना तेच. म्हणून चार महिने झाले की टायरांची अदलाबदल करायची, डावीकडचे उजवीकडे, उजवीकडचे डावीकडे, आणि आणखी चार महिने चालवायचे. हे डेस्लीला कुणी शिकवायला नको होतं.

चार महिने झाले आणि पाऊस लागला. रस्ता सात आठवडे बंद. टपालाचा ट्रक उभा. आणि त्याच सुमारास मुलाचा फोन आला.

कीरन तिचा एकुलता एक. किनाऱ्यावरच्या शहरात ब्रॅमटनचा विक्रेता म्हणून त्याला नोकरी लागून दोन वर्षं झाली होती. लग्न मोडलेलं, मुलगी आठवड्याआड त्याच्याकडे.

"आई, तुझा रिपोर्ट झाला का गं?"

"अर्धा झालाय. अदलाबदल राहिलीय."

"आतापर्यंत कुठला चांगला चाललाय?"

"ब्रॅमटन. पण तो उजवीकडे होता."

"चांगला चाललाय ना? मग तेच लिही की! शुक्रवारी खात्याची मुदत संपतेय. चौदा गाड्या आहेत, आई. मी काही खोटं लिही म्हणत नाहीये."

तिने खोटं लिहिलं नव्हतं. तिने लिहिलं होतं : दोन्ही टायर एकाच ट्रकवर, एकाच रस्त्यावर, सारखे दिवस चालवले. ओकाराचे दोन फाटले, ब्रॅमटनचा एकही नाही. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. कुठला टायर कुठल्या बाजूला होता, एवढंच त्यात नव्हतं.

आता गाडी त्याच रस्त्याने धावत होती. नेव्हिल चालवत होता. डेस्ली डावीकडच्या खिडकीतून रस्त्याची कड न्याहाळत होती. दर दहा मिनिटांनी ती रेडिओ उचलायची.

"इमेल्डा, डेस्ली बोलतेय. ऐकतेस का? इमेल्डा?"

खरखर. आणखी काही नाही. हा रेडिओ पंधरा-वीस किलोमीटरच्या पलीकडे पोहोचत नाही हे तिला माहीत होतं, तरी ती बोलत राहिली.

"गाडी उलटली असेल का रे?"

"इमेल्डा सावकाश चालवते."

"सावकाश चालवणाऱ्यांच्याही उलटतात."

"मग विचारतेस कशाला?" नेव्हिल म्हणाला, पण हळूच.

चौसष्टाव्या किलोमीटरला तिने "थांब" म्हणून ओरडून दरवाजा उघडला, गाडी पुरती थांबायच्या आधीच. रस्त्याच्या कडेला काळं काहीतरी पडलं होतं. लांबून साप वाटावा असं. जवळ जाऊन तिने पायाने उलटं केलं. टायरचा सोललेला पट्टा, हातभर लांब. ती गुडघ्यावर बसली आणि त्यावरची धूळ अंगठ्याने पुसू लागली. जमीन इतकी तापली होती की पँटमधून गुडघा भाजत होता.

"असले तुकडे या रस्त्यावर ढिगाने पडलेत," नेव्हिल मागून म्हणाला. "कुणाचाही असेल."

"ताजा आहे. वास बघ."

नक्षी नीट दिसली. मधे दोन सरळ पन्हळी, कडेला तिरपे गट्टू. ब्रॅमटन. नेव्हिलनेही ती ओळखली. आठवड्यातून दोनदा तो ती पाहत होता.

पुढे वीस पावलांवर जॅक लावल्याची चौकोनी खूण होती, चाक लोळवल्याचा माग, आणि बायकी बुटांचे ठसे. जॅकची खूण डाव्या बाजूची होती.

"बदलली तिने," नेव्हिल म्हणाला. "शहाणी आहे. दोन स्टेपन्या असतात त्यांच्याकडे. एक गेली, एक उरली. काळजी नको करूस."

डेस्लीने पट्टा उचलून हौद्यात टाकला. गाडीत बसल्यावर तिला हात पुसायचंही सुचलं नाही.

दुसरी जागा अठ्ठ्याण्णवाव्या किलोमीटरला सापडली. पुन्हा जॅकची खूण, पुन्हा डावीकडे. या वेळी बुटांच्या ठशांभोवती आणखी काही खुणा होत्या. कुणीतरी अनवाणी पावलांनी गाडीतून उतरून सावलीला बसलं होतं. आंटी मॅव्हिस बूट घालत नसे. डेस्ली त्या ठशांकडे बघत उभी राहिली. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, नुकतंच ऑपरेशन झालेलं, या उन्हात जमिनीवर.

"आता एकही स्टेपनी नाही त्यांच्याकडे," ती म्हणाली.

नेव्हिल गाडीत जाऊन बसला. थोड्या वेळाने, गाडी चालू झाल्यावर, समोर बघत तो म्हणाला, "माझ्या ट्रकवरचे टायर तू कधी उलटसुलट केलेच नाहीस."

"माहितेय मला."

"मला वाटलं, तुझं काम झालं असेल. टायरांतलं तुला जास्त कळतं."

"माहितेय म्हटलं ना, नेव्हिल!"

   तिला आरोग्य खात्यातली ती पत्र लिहिणारी बाई आठवली, जिला तिने कधी पाहिलं नव्हतं. त्या बाईने तिचा कागद वाचून चौदा गाड्या आणि सहा क्लिनिकसाठी टायर मागवले होते. बाकीच्या तेरा गाड्या या क्षणी कुठल्या रस्त्यावर असतील? त्यांत कोण बसलं असेल?

"इमेल्डा, डेस्ली बोलतेय. ऐकतेस का?"

खरखर.

"इमेल्डा? आंटी? कुणीतरी बोला गं."

खरखर, आणि तिच्या आड एक घोगरा आवाज. "...ओरडतेस कशाला? डोळा फोडलाय माझा, कान नाही."

 नेव्हिलने पाय आणखी दाबला.

"आंटी, कुठे आहात? बऱ्या आहात ना? इमेल्डा कुठेय?"

"इमेल्डा मला सुई टोचून बसलीय. पाण्याची बाटली लटकवलीय माझ्या डोक्यावर, दुकानातल्या मटणासारखी. कोरड्या ओढ्याच्या अलीकडे आहोत. तू येतेयस की नुसतीच बोलतेयस?"

"आले, आंटी, आले."

गाडी एकशे सोळाव्या किलोमीटरला होती. डावं पुढचं चाक नुसत्या लोखंडावर टेकलेलं, टायर दोरासारखा त्याभोवती गुंडाळलेला. इमेल्डाने गाडीच्या बाजूला ताडपत्री ताणून सावली केली होती. त्या सावलीत गादीवर आंटी मॅव्हिस पडली होती, दंडाला सलाईन, डोळ्यावर पट्टी, ओठांना भेगा. रेडिओवर जेवढी धीट वाटली होती तेवढी ती दिसत नव्हती. चेहरा राखेसारखा झाला होता. इमेल्डा तिच्या मानेवर ओला टॉवेल फिरवत होती. फिलिपिन्सहून आलेली ही मुलगी नऊ महिन्यांपूर्वी टिंडाराला आली तेव्हा तिला चाक बदलायला डेस्लीनेच शिकवलं होतं.

"एकला तिला चक्कर आली," इमेल्डा म्हणाली. आवाज ड्यूटीवरचा होता. "नाडी आता बरी आहे. फोन उन्हाने तापून बंद पडलाय. मी गाडी सोडून गेले नाही, तू सांगितलं होतंस ना, गाडी सोडायची नाही म्हणून."

"बरं केलंस. फार बरं केलंस."

"तू बर्फ आणलास का?"

बर्फ आणला होता. आंटीच्या काखेत, मानेशी पुरचुंड्या ठेवल्या. आंटीने न दुखणारा डोळा उघडला.

"नेव्हिल पण आलाय? माझं टपाल आणलंस का रे?"

"उद्या आणतो, आंटी."

"मी मेल्यावर आण."

नेव्हिल चाकाकडे वळला. डेस्ली तिथे आधीच वाकून बसली होती, फाटलेल्या टायरची बाजू बोटांनी चाचपत. चीर आतून फुगून फाटली होती. गोटा लागल्याची टोकदार जखम एकच, तीही लहान. एवढ्याशा जखमेने धड टायर असा उकलत नाही. पण एक शक्यता अजून होती, आणि तिने ती घट्ट धरली : कच्च्या रस्त्यावर टायरातली हवा कमी करावी लागते, ती केली नसेल तर?

"इमेल्डा, हवा किती होती गं?"

"अठ्ठावीस. कच्चा रस्ता लागला तिथेच उतरवली. तूच शिकवलंस."

"गेजने बघितलीस?"

"चारही चाकांची. दोन्ही वेळा चाक बदलल्यावर पुन्हा." इमेल्डा तिच्याजवळ येऊन बसली. आता रडू तिच्या डोळ्यांत दिसायला लागलं होतं. "डेस्ली, मीच जोरात चालवली असेन का? सत्तरच्या वर नेली नाही असं मला वाटतंय, पण लक्ष नसेल माझं. आंटीशी बोलत होते मी. ऑफिसच्या फॉर्ममध्ये काय लिहू? ड्रायव्हरची चूक असं लिहू का? तीन-तीन टायर जातात म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असणार ना?"

डेस्लीने मान वर केली नाही. एक 'हो' पुरला असता. तोही बोलायची गरज नव्हती, नुसतं गप्प राहिलं असतं तरी भागलं असतं. ती पोरगी घरी जाऊन स्वतःच्या हाताने लिहून मोकळी झाली असती, आणि पुढे प्रत्येक वेळी या रस्त्यावर येताना स्वतःलाच कोसत बसली असती. नेव्हिल नट ढिले करता करता थांबला होता. पाना त्याच्या हातात तसाच होता.

"तुझं काही चुकलेलं नाही," डेस्ली म्हणाली. "टायर चुकीचा आहे. आणि तो मी निवडलाय."

"म्हणजे?"

"चढव रे चाक, नेव्हिल. सगळं सांगते वाटेत. आधी आंटीला हलवू."

आंटीला कॅलो वेल्सला न नेता धावपट्टी असलेल्या टिंडाराला परत आणलं. ते आंटीला मुळीच पटलं नाही. "चौसष्ट किलोमीटरवर माझं घर आणि मला उलटं नेताय," असं ती वाटभर म्हणत होती. परतीच्या वाटेवर डेस्ली इमेल्डाशेजारी क्लिनिकच्या गाडीत बसली, मागे आंटी. नेव्हिल पुढे. डेस्लीने सगळं सांगितलं. डावी बाजू, उजवी बाजू, पाऊस, शुक्रवारची मुदत, कीरन. इमेल्डाने रस्त्यावरची नजर काढली नाही. डेस्लीला प्रत्येक गोट्याचा आवाज वेगळा ऐकू येत होता.

"मला तीनदा वाटलं आम्ही मरतोय," शेवटी इमेल्डा म्हणाली. एवढंच.

मागून आंटी म्हणाली, "मला दोनदाच."

संध्याकाळी दवाखान्याचं विमान आलं आणि आंटीला घेऊन गेलं. डोळा वाचला. ऊन बाधलं होतं, म्हणून चार दिवस दवाखान्यात ठेवलं आणि मग सोडलं. पण हे सगळं नंतर कळलं. त्या संध्याकाळी डेस्लीला काहीच माहीत नव्हतं. ती विमानाची धूळ खाली बसेपर्यंत उभी राहिली आणि मग गॅरेजच्या ऑफिसात जाऊन आरोग्य खात्याला पत्र लिहायला बसली.

पत्र अर्ध्या पानाचं झालं. माझी चाचणी अपुरी होती. ब्रॅमटनचे टायर सोप्या बाजूला होते आणि हे मी लिहिलं नाही. ब्रॅमटनच्या विक्रेत्यांपैकी एक माझा मुलगा आहे, हेही लिहिलं नाही. आज तीन टायर डावीकडे फाटले, हवा बरोबर होती, वेग बरोबर होता. सगळ्या क्लिनिकना आजच कळवावं. तिने ते पाठवलं, सहाही क्लिनिकला स्वतः फोन केले, आणि मग कीरनला.

त्याने सगळं ऐकून घेतलं.

"पाठवलंस पण?"

"हो."

"मला आधी विचारायचंस तरी, आई. एक फोन. एवढंही नाही?"

"विचारलं असतं तर तू थांब म्हणाला असतास. आणि मी थांबले असते, कीरन. मागच्या वेळी तुझंच ऐकलं नाही का मी?"

"माझं नाव घातलंस त्यात?"

"मुलगा असं लिहिलंय. नाव नाही."

"फार उपकार झाले." आणि फोन बंद.

पाच आठवडे त्याचा फोन आला नाही. आरोग्य खात्याची माणसं आली, फोटो काढून गेली, डेस्लीकडून पुढे असं काम घेणार नाही असं सभ्य शब्दांत कळवून गेली. तिला ते लागलं, पण पटलंही. खाणावळीत लोक बोलत. काही म्हणत, स्वतःच्या पोराच्या पोटावर पाय दिला. काही म्हणत, द्यायचाच होता तर रिपोर्ट लिहितानाच द्यायचा.  इमेल्डा कामापुरतं बोले. मग हळूहळू चहाला यायला लागली. पण गाडी निघायच्या आधी प्रत्येक टायरची बाजू स्वतः वाकून चाचपल्याशिवाय ती आता बसत नसे, आणि डेस्ली ते दुरून बघत असे.

सहाव्या आठवड्यात एका दुपारी गॅरेजसमोर कीरनची गाडी येऊन थांबली. तो उतरला. दाढी वाढलेली, शर्टावर कंपनीचं नाव नाही. डेस्ली जागीच उभी राहिली. हातातला टायर तिने भिंतीला टेकवला.

"नोकरी गेली?" तिने विचारलं.

"सोडली. जाणारच होती." तो सावलीत आला, पण तिच्याजवळ आला नाही. "आणखी दोन गाड्यांचे तसेच फाटले होते, आई. पश्चिमेकडच्या. माझ्याकडे तक्रारी आल्या होत्या त्यांच्या. ऑगस्टमध्येच."

ऑगस्ट. इमेल्डा त्या रस्त्यावर अडकली त्याच्या चार महिने आधी.

डेस्लीने टेकवलेला टायर पुन्हा सरळ केला. 

"मला का नाही सांगितलंस?"

"तू चाचणी केली होतीस ना," कीरन म्हणाला.  "मला वाटलं, आईने बघितलंय म्हणजे ठीकच असणार. त्या लोकांनीच हवा चुकवली असेल. मी तेच लिहून पाठवलं वर."

बाहेर एक ट्रक पंपावर लागला, हॉर्न वाजवला, कुणी येत नाही म्हणून पुन्हा वाजवला. दोघंही हलली नाहीत. मग डेस्लीने हात पँटला पुसले आणि म्हणाली, "ती दोन क्लिनिकं कुठली, ते सांग मला आधी. चूक त्यांची नव्हती, हे त्यांना सांगायचं राहिलंय आपलं."

कीरनने खिशातून फोन काढला आणि नंबर शोधायला लागला.